पाहणीला गावात उतरण्याआधी

बीड जिल्ह्यातल्या गावांत बायकांमधला अ‍ॅनिमिया (रक्तातलं हिमोग्लोबिन कमी असणं) मोजायचा असेल, तर आधी तारीख ठरवा, प्रश्नावली मागाहून. क्रॉस-सेक्शनल पाहणीत प्रत्येकीची भेट एकदाच होते. त्या आठवड्यात जी गावात नाही, ती आपल्या आकड्यातही नाही. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्या मार्च-एप्रिलला परततात. जानेवारीत गेलात तर दारोदार कुलपं दिसतील, आणि जिच्यासाठी हा खटाटोप करायचा नेमकी तीच गळेल. मला हे फार लागतं, कारण अहवालात ती गळल्याचं कुठेच दिसत नाही. तेव्हा पावसाळ्याचे महिने धरा आणि शेतातून बाया परतल्यावर, संध्याकाळी जा.

नमुन्याचं, म्हणजे किती बायकांना भेटायचं याचं, गणित सोपं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत अ‍ॅनिमियाचं प्रमाण सुमारे ५४ टक्के होतं. ५४ ला ४६ ने (उरलेले टक्के) आणि ४ ने (९५ टक्के खात्रीसाठीचा आकडा) गुणा, चुकीची मुभा ५ टक्के धरून तिच्या वर्गाने, म्हणजे २५ ने भागा, ३९८ येतात. घरं सुटी न निवडता गावंच्या गावं निवडणार असाल तर दुप्पट करा, वर नकारांसाठी दहा टक्के. साधारण ८८० बायका. घर बंद असेल तर शेजारचं घर घेऊ नका. वेगवेगळ्या वेळी आणखी दोनदा जा, तरी बंदच असेल तर ‘बंद’ असं नोंदवा.

नीतिसमितीची परवानगी आणि मराठीतलं संमतिपत्र हातात असल्याशिवाय एकही दार वाजवू नका. अठरा वर्षांखालच्या मुलीसाठी पालकांची संमती लागते, आणि तिचा स्वतःचा होकारही.

प्रश्न आशाताईंना वाचून दाखवा. ‘अ‍ॅनिमिया आहे का’ ऐवजी ‘अंगात रक्त कमी आहे असं कुणी सांगितलंय का’ असं विचारा. ‘सहा महिन्यांत’ ऐवजी ‘संक्रांतीपासून’, ‘होळीपासून’. पाळीबद्दल विचारताना सासूबाई शेजारी असतील तर उत्तर खरं मिळणार नाही, म्हणून जोडीने जा. एकीने त्यांच्याशी बोलत बसावं. लोहाच्या गोळ्यांविषयी विचाराल तेव्हा त्या कधी आणि कशासाठी सुरू झाल्या हेही विचारा. नाहीतर गोळ्या घेणाऱ्यांतच रक्त कमी दिसेल, आणि आधी काय घडलं हे एका भेटीच्या आकड्यांवरून सांगता येणार नाही.

पिशवीत सुया, पट्ट्या, कापूस, सुया टाकायचा डबा आणि हिमोग्लोबिन मोजायच्या यंत्राच्या जादा बॅटऱ्या घ्या. गर्भवती नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या (ग्रॅम प्रति डेसिलिटर) खाली गेलं की अ‍ॅनिमिया, गर्भवतीचं ११ च्या खाली. गर्भवती नसताना ८ च्या किंवा गर्भवती असताना ७ च्या खाली आकडा आला, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवायची सोय आधीच करून ठेवा. आणि कोऱ्या चिठ्ठ्यांचं बंडल न्या: बोट टोचून घेणाऱ्या प्रत्येकीला तिचा आकडा तिथल्या तिथे लिहून द्यायचा आहे.