रात्रीच्या औषधांच्या राउंडआधी

हात धुणं, ट्रॉली पुसणं हे सांगत बसत नाही. इन्सुलिनची व्हायल (बाटली) हातात आली की आधी लेबल वाचा: एका मिलीत ४० युनिट की १००? मग सिरिंज बघा. लाल झाकण ४० ला, केशरी १०० ला. एका रात्री एका काकांना २० युनिट द्यायचे होते. नातेवाइकांनी बाहेरच्या मेडिकलमधून आणलेली व्हायल १०० ची होती आणि माझ्या हातात रोजची लाल झाकणाची सिरिंज. वीसच्या रेघेपर्यंत भरलं. वीसची रेघ म्हणजे अर्धा मिली, म्हणजे काकांना गेले ५० युनिट, अडीचपट. अकराच्या सुमारास ते घामाने निथळत होते, शुगर ३८ पर्यंत घसरलेली. २५ टक्के डेक्स्ट्रोज (ग्लुकोजचं द्रावण) लगेच दिलं म्हणून सावरले. मी पहाटेपर्यंत ग्लुकोमीटर घेऊन त्यांच्याजवळून हलले नाही.

दुसऱ्या सिस्टरने तपासलं नव्हतं का? तपासलं होतं. मी विचारलं, "वीस आहे ना गं?" तिने रेघ बघितली, हो म्हणाली. असं विचारू नका! चार्ट, व्हायल, सिरिंज तिन्ही तिच्या हातात द्या, तोंडातून आकडा काढू नका, तिलाच सांगू दे. व्हायल ४० ची की १०० ची, झाकण कुठलं, हेही तिनेच सांगायचं.

चार्टवर आकड्यापुढे नुसता 'यू' असेल तर तो घाईत शून्य वाटतो, १० चे १०० होतात. डॉक्टर चिडले तरी 'युनिट' पूर्ण लिहून घ्या. फोनवरची ऑर्डर लिहा आणि त्यांना परत वाचून दाखवा.

पोटॅशियम क्लोराइडचे अँप्युल डिस्टिल्ड वॉटरशेजारी दिसले तर आत्ता उचला, वेगळ्या कुलपात ठेवा. चुकून ते पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पडतं.

"तुम्ही पाटीलकाका ना?" असं विचारू नका, झोपेतला माणूस कशालाही हो म्हणतो. नाव त्यांनाच सांगू द्या, हातावरच्या पट्टीशी आयपी नंबर (भरतीचा नंबर) जुळवा. बेड नंबर ओळख नव्हे.

जेवणाचं ताट आल्याशिवाय जेवणाआधीचं इन्सुलिन नाही. ॲलर्जी आहे का, वेळ बरोबर आहे का, तेही बघा. चार्टवर सही औषध दिल्यानंतरच. चूक कळली तर त्याच मिनिटाला डॉक्टरांना सांगा.

आणि सुई टोचण्याआधी, पेशंटजवळ उभं राहून पुन्हा: लेबल ४० की १००? झाकण लाल की केशरी?