स्पेन आणि इंग्लंड एकाच गटात: युरोपची पात्रता वहीत कशी मांडायची

माझे अण्णा कोल्हापूरच्या पेठेतल्या फुटबॉलवर वाढलेले. त्यांना युरोपची पात्रता फेरी फोनवर समजावायला गेलं की ते मधेच तोडतात, "अगं, एवढा गुंता कशाला? लावा नॉकआउट, जिंकंल ती जाईल." मी नेदरलँड्समधल्या युट्रेक्टमध्ये राहते, पोटासाठी लोकांचे हिशेब तपासते, आणि पोरगी इथल्या क्लबात खेळते म्हणून गेली काही वर्षं बायकांच्या फुटबॉलची वही ठेवते. अण्णांसाठी लिहिता लिहिता ही रीत तयार झाली. २०२७ चा विश्वचषक ब्राझीलमध्ये आहे, ३२ संघांचा, आणि युरोपचे पात्रता सामने २०२६ च्या ३ मार्चला सुरू होतात. तोवर वही आणून ठेवा. पेन्सिलच घ्या, पेन नको.

पहिल्या पानावर वर एकच आकडा लिहा: ११. एवढ्या जागा युरोपला थेट आहेत. बारावी मिळू शकते, पण ती उधारीची, तिच्याकडे शेवटी येऊ. जागांवर डोळा ठेवून आहेत ५३ संघ.

आता पानाचे तीन मजले करा. वरचा अ, मधला ब, खालचा क. अ मध्ये १६ संघ, ब मध्ये १६, क मध्ये उरलेले २१. कोण कुठल्या मजल्यावर हे २०२५ च्या नेशन्स लीगने, म्हणजे युरोपातल्या देशांच्या आपापसातल्या साखळी स्पर्धेने ठरवलंय. नवखा माणूस इथेच चुकतो. तो मोठी नावं शोधतो आणि ती सगळी वर असणार असं धरून चालतो. पोर्तुगाल, बेल्जियम, स्वित्झर्लंड, स्कॉटलंड, वेल्स हे सगळे आज मधल्या मजल्यावर आहेत. बेल्जियमला तर आयर्लंडने दोन सामन्यांत मिळून ५-४ असं हरवून खाली ढकललं आणि स्वतः वर चढले. म्हणून नाव बघू नका, मजला बघा.

वरच्या मजल्यावर चार-चार संघांचे चार गट करा:

स्वीडन, इटली, डेन्मार्क, सर्बिया.
फ्रान्स, नेदरलँड्स, पोलंड, आयर्लंड.
स्पेन, इंग्लंड, आइसलँड, युक्रेन.
जर्मनी, नॉर्वे, ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया.

तिसरी ओळ परत वाचा. स्पेन जगज्जेते, २०२३ ला सिडनीत अंतिम सामन्यात इंग्लंडला १-० हरवून झालेले. इंग्लंड युरोपचे विजेते, २०२५ ला बासेलमध्ये त्याच स्पेनला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून. आणि दोघी एकाच गटात. सोडतीत पहिल्या भांड्यात नेशन्स लीगच्या उपांत्य फेरीतल्या चौघीच होत्या, इंग्लंड त्यात नव्हतं. म्हणून दुसऱ्या भांड्यातून निघालं ते थेट स्पेनच्या पुढ्यात.

प्रत्येक संघ गटातल्या तिघींशी घरी एकदा, बाहेर एकदा खेळतो, म्हणजे सहा सामने. ९ जूनला हे संपतं. अ मधल्या चार गटांतली फक्त पहिली येणारी थेट ब्राझीलला जाते. तिच्या नावाला गोल करा. चार गोल झाले, ११ तून ४ गेले, उरले ७. म्हणजे स्पेन किंवा इंग्लंड, दोघींपैकी एकीला तरी (आइसलँडने मनावर घेतलं तर दोघींनाही) पुढच्या लांबच्या रस्त्याने यायचंय.

दोन संघांचे गुण सारखे झाले तर? एकूण गोलफरक नंतर, आधी त्या दोघींचे आपापसातले सामने बघायचे. हे पानाच्या समासात लाल पेन्सिलीने लिहून ठेवा. नाहीतर तुम्ही कुणीतरी दुबळ्या संघाला दहा गोल मारताना टाळ्या वाजवाल आणि त्या गोलांचा उपयोग जवळपास शून्य. मागच्या पात्रता फेरीत, २०२१ च्या नोव्हेंबरात, इंग्लंडने लॅटव्हियाला २०-० हरवलं होतं. त्या वीस गोलांचेही गुण तीनच. एप्रिलमध्ये वेम्ब्लीवर स्पेन येईल तेव्हाचा एक गोल त्याहून जड भरेल.

हा धडा मी स्टेडियममध्ये शिकले. ६ सप्टेंबर २०२२, मंगळवार, इथलंच आमचं खाल्खनवार्ड स्टेडियम, नेदरलँड्स विरुद्ध आइसलँड, गटातला शेवटचा सामना. आइसलँडचे १८ गुण, आमचे १७. त्यांना बरोबरी पुरत होती, आम्हाला जिंकायलाच हवं होतं. त्यांची गोलकीपर सांड्रा सिगुर्दार्दोत्तिर त्या रात्री जे येईल ते अडवत होती. ८८ मिनिटं झाली, ०-०. पोरीची दुसऱ्या दिवशी शाळा, म्हणून मी उठले. म्हटलं चल, गर्दी व्हायच्या आत सायकली काढू, दुसरे आलो तरी प्ले-ऑफ, म्हणजे हुकलेल्यांची पुढची बाद फेरी, आहेच की. तिने माझं जॅकेट धरून मला खाली बसवलं. म्हणाली, "आई, दुसरं येणं म्हणजे काय ते तुला माहीत नाही." नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेत, तिसऱ्या मिनिटाला, एस्मे ब्रुख्तस नावाच्या कोवळ्या पोरीने गोल केला. आम्ही थेट विश्वचषकात. आइसलँड महिनाभराने प्ले-ऑफमध्ये पोर्तुगालकडून जादा वेळेत ४-१ हरलं आणि घरी बसलं. पहिलं आणि दुसरं यात अंतर किती, तर तेवढंच. हिशेबनीस असून मी ते वाचलं नव्हतं, याची लाज अजून वाटते.

तर आता दुसरं पान, प्ले-ऑफचं. इथे दोन रकाने पाडा. पहिल्या रकान्यात अ मधल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या आलेल्या आठ संघांची गाठ खालच्या मजल्यावरच्या आठांशी पडते: क मधल्या सहा गटविजेत्या आणि सगळ्यात बऱ्या दोन दुसऱ्या. दुसऱ्या रकान्यात अ मधल्या चौथ्या आलेल्या चार आणि ब मधल्या चार गटविजेत्या, समोर ब मधल्याच दुसऱ्या-तिसऱ्या. म्हणजे अ मध्ये तळाला गेलेल्याचीही आशा संपत नाही, पण ब मधल्या चौथीची संपते. एकूण ३२ संघ, ऑक्टोबरात १६ उरतात. नोव्हेंबर अखेर ते डिसेंबरच्या सुरुवातीला ८ उरतात.

मागच्या वेळी प्ले-ऑफ एकाच सामन्याचा होता. स्वित्झर्लंडने वेल्सला हरवलं ते १२१ व्या मिनिटाला, फाबियेन हुमच्या गोलावर, आणि वेल्सच्या पोरींना परतफेडीला दुसरा दिवस नव्हता. या वेळी दोन सामने आहेत, घरचा आणि बाहेरचा. दोन्हींचे गोल मिळवायचे. बाहेर मारलेला गोल दुप्पट मोजायची जुनी पद्धत युरोपने २०२१ मध्येच बंद केली, तेव्हा अण्णांसारखं "बाहेरचा गोल भारी" म्हणू नका. बरोबरी राहिली तर जादा वेळ, मग पेनल्टी.

आता गंमत बघा. जागा ७ आणि जिंकलेल्या ८. आठवी कोण, हे प्ले-ऑफमध्ये कोण किती दणक्यात जिंकलं यावर ठरत नाही. वसंतातल्या साखळी सामन्यांची एकूण क्रमवारी काढतात आणि आठांत जी सगळ्यात खाली ती बाजूला. त्या क्रमवारीत अ मजला ब च्या वर, ब मजला क च्या वर. म्हणून खालच्या मजल्यावरची कुणी मोठ्या संघाला पाडून आलीच, तर बाजूला काढायला पहिलं नाव तिचंच निघायची भीती. मला हे न्याय्य वाटत नाही, पण वहीत मत लिहून चालत नाही.

पोर्तुगालला विचारा. २०२२ च्या ऑक्टोबरात बेल्जियमला २-१, आइसलँडला ४-१, दोन्ही प्ले-ऑफ जिंकले. तरी क्रमवारीत आयर्लंड आणि स्वित्झर्लंड त्यांच्या वर, म्हणून त्या दोघी गेल्या आणि पोर्तुगालला आंतरखंडीय प्ले-ऑफसाठी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, न्यूझीलंडच्या हॅमिल्टनला जावं लागलं. तिथे कॅमेरूनने ८९ व्या मिनिटाला बरोबरी केली. ९४ व्या मिनिटाला कारोल कोश्ताने पेनल्टी मारली तेव्हा कुठे जागा पक्की झाली. ती उधारीची बारावी जागा म्हणतात ती हीच. आणि मग विश्वचषकात ह्याच पोर्तुगालचा एक फटका भरपाई वेळेत अमेरिकेच्या गोलपोस्टला लागला. आत गेला असता तर अमेरिका साखळीतच बाहेर.

म्हणून तिसऱ्या पानावर आठ ओळी आखा आणि आठवीपुढे नाव लिहू नका. डिसेंबरपर्यंत ती रिकामी ठेवा.

आशियात हे इतकं लांबत नाही, तिथे आशिया चषकच पात्रतेचा दरवाजा. २०२२ चा तो आपल्याकडेच झाला होता, नवी मुंबई, मुंबई आणि पुण्यात, आणि संघात कोरोना शिरल्यामुळे आपल्या पोरींना यजमान असून स्पर्धेबाहेर पडावं लागलं. अण्णा तेव्हा बालेवाडीला जायची तयारी करून बसले होते. त्यानंतरच ते माझ्या वहीत डोकं घालायला लागले.

शेवटचं, घड्याळाचं. इथले रात्री पावणेनऊचे सामने मार्चमध्ये भारतात मध्यरात्रीनंतर सव्वाला लागतात, एप्रिल आणि जूनमध्ये सव्वाबाराला, कारण मार्चअखेर इथली घड्याळं तासभर पुढे जातात. मी अण्णांना म्हटलं, जागरण नको, निकाल सकाळी कळवते. तर म्हणाले, "सव्वाबारा म्हंजे काय रात्र हाय व्हय? तू निस्ता मजला सांग, बाकी मी बघतो."