व्यायामाला केस कसे बांधायचे, लांबीप्रमाणे

बॉबकट असेल तर पोनी येतच नाही, अशा वेळी कपाळावरचे केस मागे घेऊन दोन्ही बाजूंना टिकटॅक पिना लावा आणि वरून रुंद कापडी हेअरबँड घाला, म्हणजे घाम डोळ्यांत उतरत नाही.

खांद्यापर्यंतचे केस सगळ्यात त्रासदायक, मानेवरच्या बटा सुटतातच. वरच्या अर्ध्या केसांची आधी एक छोटी पोनी बांधा, मग ती खालच्या केसांत घेऊन दुसरी बांधा, एकदा करून बघा, पळताना खरंच हलत नाही.

लांब केसांना सागरवेणीच बेस्ट! पण मॅटवर पाठीवर झोपून करायचे व्यायाम असतील तर मागे अंबाडा नको, डोकं टेकलं की तो टोचतो आणि मान वाकडी होते, त्यापेक्षा दोन वेण्या घाला किंवा अंबाडा पार टाळूवर बांधा.

आणि प्लीज, रोज एकाच जागी करकचून बांधू नका गं, कपाळाकडचे केस ताणाने विरळ होतात. साधं रबर नको, कापडी स्क्रंची घ्या. ओले केस तर बांधूच नका, लवकर तुटतात.