झेंडूला खत कधी, कुठलं आणि किती (दसरा-दिवाळीच्या फुलांसाठी)

झाडं कमरेएवढी झाली, हिरवीगार आहेत, पण कळीच धरत नाही, ही तक्रार गणपती झाले की सुरू होते. बहुतेक वेळा कारण एकच, युरिया जास्त झालाय किंवा नको त्या वेळी पडलाय. युरियातलं नत्र (नायट्रोजन) जास्त मिळालं की झेंडू पानं आणि फांद्या वाढवत बसतो, फूल लांबतं, आणि कोवळ्या लुसलुशीत शेंड्यांवर मावा (रस शोषणारी बारीक कीड) पण आधी येतो.

सेंद्रिय की रासायनिक हा वाद मला झेंडूत तरी फार महत्त्वाचा वाटत नाही. शेणखत माती भुसभुशीत करतं, ओल धरून ठेवतं, पण ते कॅलेंडर बघून काम करत नाही ना, आणि आपल्याला फूल पाहिजे दसऱ्याला. रोप लावल्यापासून फूल यायला साधारण दोन महिने लागतात, म्हणून पायाला सेंद्रिय आणि वेळ साधायला थोडं रासायनिक असं धरून चाला.

शेतात असेल तर लागवडीआधी एकरी १० टनांपर्यंत शेणखत, पण पूर्ण कुजलेलंच हवं. कच्चं टाकलं तर हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि तण फुकट घरी आणल्यासारखं. सोबत निंबोळी पेंड जमली तर उत्तम. रासायनिकात एकरी ४० किलो नत्र, २० स्फुरद (फॉस्फरस), २० पालाश (पोटॅश) असा हिशोब धरला तर युरिया साधारण ८७ किलो, सिंगल सुपर फॉस्फेट १२५ किलो आणि म्युरेट ऑफ पोटॅश ३३-३४ किलो होतं (माती तपासली असेल तर त्या रिपोर्टप्रमाणे कमी-जास्त करा). सुपर फॉस्फेट आणि पोटॅश सगळं लागवडीलाच मातीत मिसळून द्यायचं, वरून फेकलेलं स्फुरद मुळापर्यंत जातच नाही. युरिया मात्र अर्धा लागवडीला आणि अर्धा महिन्याने, शेंडा खुडल्यावर. खोडापासून चार बोटं लांब बांगडी पद्धतीने (झाडाभोवती गोल) टाकायचा, मातीची भर द्यायची आणि लगेच पाणी. कळ्या दिसायला लागल्या की युरियाची गोणी बंद करून ठेवा!

कुंडीवाल्यांसाठी, १०-१२ इंची कुंडीत एकच झाड. दोन भाग माती, एक भाग गांडूळखत किंवा कंपोस्ट, वर मूठभर निंबोळी पेंड. रोप लागल्यावर दोन-तीन आठवड्यांनी १९:१९:१९ (पाण्यात विरघळणारं खत, आकडे नत्र:स्फुरद:पालाश यांच्या टक्क्यांचे) लिटरला २ ग्रॅम, दहा-बारा दिवसांनी एकदा, आणि बारीक कळी दिसली की ते सोडून ०:५२:३४ त्याच प्रमाणात. माती कोरडी असताना खताचं पाणी देऊ नका, आधी साधं पाणी द्या, नाहीतर पानांच्या कडा करपतात.

केळीच्या साली, राख, हाडांचा चुरा हे प्रकार व्हिडिओत छान दिसतात. पण आपल्याकडच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीचा सामू (pH) आधीच जास्त असतो, त्यात हाडांच्या चुऱ्यातलं स्फुरद झाडाला जवळजवळ मिळत नाही आणि राखेने सामू अजून वाढतो. कोकणातल्या आंबट लाल मातीत दोन्ही चालतील. जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आंबवून केलेलं पाणी) द्या, मातीतल्या जिवाणूंना चांगलं आहे, पण त्यात नत्र-स्फुरद-पालाश फारसं नसतं, त्यावरच अख्खं पीक काढू म्हणाल तर शेणखत भरपूर घातलेलं पाहिजे.

नवीन पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की लोक परत युरियाच टाकतात. ती लोहाची कमतरता असते, चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं) फवारा. खालची जुनी पानं पिवळी पडत असतील तर नत्र कमी असू शकतं, पण आधी कुंडीत पाणी साचतंय का ते बघा.

दसऱ्याचा तोडा झाल्यावर झाड थकतं. तेव्हा एकदा हलका हात ठेवून १९:१९:१९ आणि आठवड्याने पोटॅशवालं १३:०:४५ दिलं की दिवाळीला दुसरा बहार मिळतो. सुकलेली फुलं झाडावर ठेवू नका, झाड बी भरण्यात ताकद घालवतं आणि तुमचं खत तिकडेच जातं.