बंगल्याच्या गॅरेजचे दार बदलताना

पुण्यात बंगल्याच्या गॅरेजचे गंजलेले शटर काढून त्याच मापाचे नवे बसवायचे असेल, तर सहसा बांधकाम परवानगी घ्यावी लागत नाही. कारण महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४३ नुसार इमारतीच्या बाह्य स्वरूपात लक्षणीय बदल न करणारी दुरुस्ती परवानगीतून वगळली आहे. मात्र जुने लोखंडी शटर काढताच लिंटेलचे (दारावरच्या आडव्या तुळईचे) प्लास्टर पोपडे धरून निसटते आणि मिस्त्री सहज म्हणतो, ‘साहेब, अर्धा फूट वाढवून घेऊ का?’ खरी मेख येथेच आहे. रुंदी वाढवण्यासाठी कॉलम वा बीमला हात लावायचा असल्यास आधी परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला घ्यावा आणि कलम ४४ प्रमाणे महापालिकेकडे अर्ज करावा. मंजूर नकाशा आधीच शोधून ठेवावा. तो माळ्यावरच सापडतो. गॅरेजचे दुकान करायचे असेल, तर तो वापरातील बदल ठरतो आणि त्यालाही मंजुरी लागते. वारसा यादीतील वाड्यास कलम ४३ ची सूट गृहीत धरू नये. सोसायटीत राहत असल्यास कमिटीची लेखी संमती घ्यावी. दाराच्या झडपा रस्त्याकडे उघडणाऱ्या नसाव्यात.