जुन्या गेमची सीडी विंडोज १०-११ वर इन्स्टॉल होत नाहीये? आधी एरर नीट वाचा

माळ्यावरून सीड्यांचा डबा काढला, हौसेने गेम टाकला आणि सेटअपच चालेना, तर लगेच दहा उपाय करत सुटू नका, आधी त्या एररचा मोबाईलवर फोटो काढा. "इन्स्टॉल होत नाही" असं आपण म्हणतो पण दुखणी वेगवेगळी असतात आणि औषधंही वेगळी.

डबल क्लिक केल्या केल्या 'धिस अ‍ॅप कान्ट रन ऑन युवर पीसी' आलं, तर बहुतेक सेटअप १६-बिट, म्हणजे फार जुन्या पद्धतीचा प्रोग्रॅम आहे. नव्वदच्या दशकातल्या कितीतरी गेमचं असंच आहे, गेम ३२-बिट पण त्याचा इन्स्टॉलर विंडोज ३.१ च्या जमान्यातला, आणि ६४-बिट विंडोज मोजके इन्स्टॉलर सोडले तर १६-बिटचं काही चालवत नाही. इथे कम्पॅटिबिलिटी मोडला जाऊन विंडोज ९८ निवडण्यात काही अर्थ नाही, मी त्यात अख्खा रविवार घालवलाय. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) ३२-बिट विंडोज एक्सपी टाका, तिथे गेम इन्स्टॉल करा आणि तयार झालेला फोल्डर बाहेर कॉपी करून बघा, बरेच गेम तेवढ्यावर चालतात. गेम डॉसचा, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टिमचा असेल तर सरळ डॉसबॉक्स वापरा, ते जुनं डॉस चालवून देणारं सॉफ्टवेअर आहे.

सेटअप अर्ध्यात अडकतो, ड्राइव्ह घरघरतो आणि 'सायक्लिक रिडन्डन्सी चेक' दिसतं? मग सीडीवर बहुतेक ओरखडे किंवा घाण आहे. मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल अजिबात नाही. तरी नाही झालं तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये टाकून बघा, एकाला न वाचता आलेली सीडी दुसरा कधी कधी वाचतो.

इन्स्टॉल व्यवस्थित झालं पण गेम उघडतच नाही, एररसुद्धा नाही, तर सेफडिस्कचा संशय घ्या. ही सीडीची नक्कल रोखणारी जुनी कॉपी प्रोटेक्शन, तिचा सेकड्राइव्ह नावाचा ड्रायव्हर विंडोज १० मधून काढूनच टाकलाय कारण त्यात सिक्युरिटीचं भोक होतं. कुठूनतरी तो ड्रायव्हर आणून परत बसवू नका प्लीज. कंपनीचा शेवटचा ऑफिशियल पॅच (गेममध्ये दुरुस्ती करणारी फाइल) शोधा, काही गेममध्ये त्यानेच सीडीची तपासणी निघून जाते, नाहीतर जीओजी या गेम विकणाऱ्या साइटवर तो गेम मिळतोय का बघा, तिथे असली प्रोटेक्शन नसतेच.

'डी३डीएक्स९_४३.डीएलएल मिसिंग' आलं तर ती एकटी फाइल भलत्या साइटवरून उतरवायची नाही, हे मी पुन्हा पुन्हा सांगतो कारण व्हायरस तिथूनच येतात. विंडोजमध्ये डायरेक्टएक्स (गेमची चित्रं-आवाज सांभाळणारा भाग) १२ असलं तरी ९ च्या या जास्तीच्या फाइली त्यात नसतात, मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरचा जून २०१० चा डायरेक्टएक्स रनटाइम टाका. १९९९ चा एज ऑफ एम्पायर्स २ डायरेक्टप्ले (नेटवर्कवर एकत्र खेळण्यासाठीचा विंडोजचा जुना भाग) मागतो, ते कंट्रोल पॅनलमध्ये 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ' मध्ये लेगसी कम्पोनंट्सखाली टिक केलं की झालं.

अजून एक, गेम प्रोग्रॅम फाइल्समध्ये टाकू नका, सी ड्राइव्हवर 'गेम्स' असा साधा फोल्डर करा, म्हणजे सेव्ह होताना परमिशनची कटकट होत नाही. आणि सीडी एकदा वाचली गेली की त्याच दिवशी तिची आयएसओ, म्हणजे अख्ख्या सीडीची नक्कल असलेली एक फाइल बनवून ठेवा, विंडोज ८ पासून ती डबल क्लिकनेच माउंट होते, म्हणजे सीडी घातल्यासारखी उघडते, सीडीला परत हात लावायची सहसा गरज नाही.