झीटा की अल्फा? लांबच्या वाटेसाठी जिम्नी निवडताना

शोरूममध्ये मारुतीची जिम्नी बघायला गेलात की बहुतेक वेळा अल्फा ही वरची, महागडी ट्रिम (आवृत्ती) उभी केलेली असते आणि दार उघडल्या उघडल्या सेल्समन नऊ इंची स्क्रीन दाखवायला लागतो. बघा, कौतुक करा आणि मग खालची, स्वस्त ट्रिम मागा: "आता झीटा दाखवा." यार्डात असेल तर यार्डात जाऊन बघा. दोन्ही गाड्या एकाच दिवशी, मागोमाग बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.

मी नाशिकची. आमची रोपांची नर्सरी आहे. पावसाळ्याआधीची लागवडीची धांदल उरकली की मी आणि नवरा गाडीत चूल-भांडी टाकून बाहेर पडतो: कधी कच्छ, कधी स्पिती. गाडी जिम्नी, अल्फा, मॅन्युअल. हल्ली भाच्यालाही जिम्नी घ्यायची आहे, त्यामुळे "मावशी, झीटा घेऊन लाखभर वाचवू का?" हा प्रश्न दर रविवारी जेवणाच्या ताटावर येतो. त्याला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते.

आधी दोन्हींत काय सारखं आहे ते बघू, कारण घोळ तिथेच होतो. "वरचं मॉडेल म्हणजे डोंगरात जास्त चालणारं" असं अनेकांना वाटतं. जिम्नीत तसं अजिबात नाही. पाच दारांची ही गाडी जून २०२३ मध्ये बाजारात आली तेव्हापासून फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी सोय, दोन्ही ट्रिमना आहे. तोच लो रेंजचा (कमी वेगात जास्त जोर देणारा) लिव्हर, तीच लॅडर फ्रेम (गाडीखालची शिडीसारखी लोखंडी चौकट), पुढे-मागे तोच सलग अॅक्सल, तोच दीड लिटरचा पेट्रोल इंजिन, २१० मिलिमीटरचा तोच ग्राउंड क्लिअरन्स. एखादं चाक हवेत फिरायला लागलं की ब्रेक लावून ताकद दुसऱ्या चाकाकडे वळवणारी यंत्रणा दोघींना, सहा एअरबॅगही दोघींना. टायरचं मापसुद्धा एकच, १९५/८० आर १५. दगडात, वाळूत, चिखलात झीटा जिथे अडकेल तिथेच अल्फाही अडकेल.

मग लाखभर रुपये कशाचे? अल्फाला एलईडी हेडलाइट, ते धुणारे वॉशर, फॉग लॅम्प, अलॉय व्हील, क्रूझ कंट्रोल, ऑटोमॅटिक एसी, बटणाने स्टार्ट आणि ती मोठी स्क्रीन. झीटाला हॅलोजन दिवे, लोखंडी रिम, हाताने फिरवायचा एसी आणि सात इंची स्क्रीन. आली तेव्हा झीटा मॅन्युअलची एक्स-शोरूम किंमत १२.७४ लाख होती आणि अल्फा मॅन्युअलची १३.६९ लाख. म्हणजे फरक ९५ हजारांचा. आजचे आकडे वेगळे असतील, पण हिशेब असाच करायचा: महाराष्ट्रात या किमतीच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के रस्ता कर, म्हणजे ९५ हजारांचे १ लाख ६ हजार झाले, वर विमा थोडा वाढतो तो वेगळा. वर्षअखेरीस सवलती निघतात आणि त्या दोन्ही ट्रिमना सारख्याच असतील असं नाही. म्हणून जाहिरातीतल्या किमती शेजारी ठेवू नका, दोन्हींचं ऑन-रोड कोटेशन लेखी मागा.

आता माझी कसोटी. यादीतल्या प्रत्येक गोष्टीपुढे एकच प्रश्न लिहायचा: हे नंतर बाहेरून बसवता येईल का, आणि बसवलं तर ते धड चालेल का?

स्क्रीन? कधीही बसते. खरं तर लागतच नाही. नकाशा झीटाच्या सात इंचांवरही दिसतो आणि स्पितीतल्या काझाच्या पुढे तसंही आधी उतरवून ठेवलेल्या नकाशावरच भिस्त असते. बटणाने स्टार्ट, चामडी स्टिअरिंग, रंगीत हँडल यांवर मी एक ओळही खर्च करणार नाही.

रिमचं मात्र उलटं आहे. इथे खालची ट्रिम वरचढ आहे. दगडावर आपटली की लोखंडी रिम वाकते, अलॉयला तडा जाऊ शकतो. वाकलेली रिम हायवेवरचा कुठलाही पंक्चरवाला हातोड्याने ठोकून हवा धरण्याइतपत सरळ करून देतो. तडा गेलेल्या अलॉयला तो हातही लावत नाही, स्टेपनी काढा म्हणतो. अल्फा घेतलीत तरी लोखंडी रिमचा जोड नंतर घेता येतो. कोकणवाल्यांना एक सूचना: खाऱ्या हवेत लोखंडी रिमचा रंग उडाला की गंज भराभर धरतो, तेव्हा दर पावसाळ्याआधी रिम उतरवून आतली बाजू बघा.

दिव्यांवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण पैसे खरे इथे आहेत. नाशिकहून चंदीगड साधारण दीड हजार किलोमीटर. धुळे, शिरपूर, सेंधवा करत आग्रा रोडने वर जायचं. कितीही ठरवलं की अंधारात गाडी चालवायची नाही, तरी कुठल्यातरी संध्याकाळी मुक्काम लांब राहतोच. समोरून ट्रकचा हाय बीम, डाव्या बाजूला बिनदिव्यांचा ट्रॅक्टर, मधूनच म्हैस. अशा वेळी हॅलोजन आणि एलईडीतला फरक डोळ्यांना कळतो. "मग हॅलोजनच्या जागी बाजारातला एलईडी बल्ब घालू ना!" असं भाचा म्हणाला. तो घालायचा नाही. हॅलोजनसाठी घडवलेल्या हेडलाइटमध्ये दुसरा बल्ब घातला की प्रकाश फाकतो, समोरच्याचे डोळे दिपतात आणि आपल्याला मात्र लांबचं तेवढंच दिसतं. वायरिंगला कात्री लावली की वॉरंटीचा वाद वेगळाच. कंपनीने बनवलेल्या गाडीत मनाने फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं आणि बाहेरून बसवलेल्या वस्तू विमा पॉलिसीत वेगळ्या लिहून घेतल्या नाहीत तर त्यांची भरपाई मागता येत नाही. कारखान्यातून बसून आलेल्या दिव्यांना यातलं काहीच लागत नाही.

हॅलोजनची बाजूही सांगते. त्याचा पिवळसर उजेड आंबोली-ताम्हिणीच्या धुक्यात डोळ्यांना सुसह्य वाटतो आणि काच गरम होते म्हणून बर्फाचा चिकटा वितळतो. एलईडीची काच थंडच राहते. चिखल, बर्फ जे बसलं ते बसलं. अल्फाचा वॉशर मला आधी चोचला वाटायचा. स्पितीच्या वाटेवरचा ग्राम्फू ते बातल हा रस्ता चालवा म्हणजे कळेल. पुढच्या गाडीने उडवलेलं राखाडी पाणी दिव्यावर वाळतं आणि त्याचा सिमेंटसारखा थर होतो. वॉशरने तो पूर्ण जात नाही, पण उतरून पुसेपर्यंत काम भागतं.

क्रूझ कंट्रोल ही दुसरी गोष्ट. डोंगरात त्याचा काडीचा उपयोग नाही. पण अशा सहलीत बहुतेक किलोमीटर डांबरावरच कापावे लागतात, आणि समृद्धीसारख्या ७०१ किलोमीटरच्या सरळसोट रस्त्यावर उजवा पाय आणि कंबर दुपारनंतर बोलायला लागतात. तिथे मर्यादा ताशी १२० असली तरी या चौकोनी गाडीला मी ९०-९५ वरच ठेवते. त्यापुढे वाऱ्याचा आवाज आणि पेट्रोल दोन्ही वाढतात. क्रूझ बाहेरून बसवून देणारे भेटतात, पण अॅक्सिलरेटरच्या वायरिंगमध्ये परक्याचा हात मला चालत नाही.

ऑटोमॅटिकचा प्रश्न ट्रिमइतकाच मोठा आहे. आली तेव्हा त्याचे १ लाख २० हजार जास्त होते. चार गिअरचाच जुन्या धाटणीचा टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा गिअरबॉक्स) आहे. दगडांवरून इंचाइंचाने जाताना तो छान वाटतो, क्लच जळायची भीती नाही. पण साडेचार हजार मीटरच्या कुंझुमच्या खिंडीत हवा विरळ असते, टर्बो नसलेल्या या इंजिनाची १०५ पीएसची ताकद साठाच्या घरात येते, आणि भरलेली गाडी चढवताना कुठला गिअर कधी हवा हे मला माझ्या हातात हवं असतं. उतारावरही तेच. गुडघ्याचा त्रास असेल, रोज शहरातल्या रहदारीत चालवायची असेल तर खुशाल ऑटोमॅटिक घ्या. मात्र पैसे मोजकेच असतील तर झीटा ऑटोमॅटिक आणि अल्फा मॅन्युअल यांत मी अल्फा मॅन्युअल घेईन. दोन्हींच्या किमतीत २५ हजारांचाच फरक होता, आणि तोही अल्फा स्वस्त असा!

आता वजन. ही गोष्ट शोरूममध्ये कुणी काढत नाही. रिकामी जिम्नी साधारण १,२०० किलो आणि भरलेल्या गाडीची कमाल मर्यादा १,५४५ किलो. राहिले ३४५. आमचा हिशेब असा: दोन माणसं १५०, पाणी ४०, वीस लिटर पेट्रोल डब्यासकट १९, कॉम्प्रेसर-पट्टे-हत्यारं २५, शेगडी आणि भांडी १५, तंबू-अंथरूण २०, कपडे आणि शिधा ४०. बेरीज ३०९. उरले ३६ किलो. इतक्यात छताची लोखंडी जाळी आणि स्टीलचा बंपर येतच नाही, छतावरचा तंबू तर नाहीच. तो एकटाच ५० किलोच्या पुढे असतो आणि छतावर किती वजन चालतं ते मॅन्युअलमध्ये वेगळं दिलेलं असतं. झीटा घेऊन वाचलेल्या लाखाचं लोखंड करून गाडीवर लादणारे मी बघते तेव्हा वाटतं, अल्फा घेतली असती तर निदान गाडी हलकी राहिली असती. निघायच्या आदल्या दिवशी सगळं भरून, दोघं आत बसून, मार्केट यार्डाजवळच्या वजनकाट्यावर गाडी उभी करा. पावती मिळते, वाद मिटतो.

पेट्रोलचा डबा यादीत का, तर टाकी फक्त ४० लिटरची. मनालीकडून लेहला जाताना तांडीच्या पंपावर "पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर" अशी प्रसिद्ध पाटी आहे. कागदावर मायलेज सोळाच्या वर असलं तरी भरलेल्या गाडीने घाटात दहा धरून चला. म्हणजे साडेछत्तीस लिटर, आणि टाकी ४०. ट्रिम कुठलीही घ्या, हे गणित बदलत नाही.

तर झीटा कुणी घ्यावी? ज्याचं फिरणं शनिवार-रविवारचं, घरापासून दोन-तीनशे किलोमीटरच्या आतलं, उजेडातलं आहे त्याने बेलाशक घ्यावी. वाचलेल्या पैशांत चांगले ऑल-टेरेन (डांबर-कच्चा दोन्हींवर चालणारे) टायर, हवा भरायचा एक धड कॉम्प्रेसर, गाडी ओढायचा पट्टा आणि तो अडकवायची शॅकल (लोखंडी कडी) घ्यावेत. तरी बरेच पैसे उरतात. कच्छच्या वाळूत टायरची हवा १८-२० पर्यंत उतरवून बाहेर निघता येतं, पण परत भरायला कॉम्प्रेसर नसेल तर काय उपयोग. ज्याला राज्यं ओलांडून जायचं आहे त्याने अल्फा घ्यावी आणि टायर पहिले झिजल्यावर बदलावेत.

हीच कसोटी दुसऱ्या गाडीला लावली की उत्तर वेगळं येतं, म्हणून जिम्नीचं उत्तर उचलून तिकडे चिकटवू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या महिंद्राच्या थार रॉक्समध्ये फोर बाय फोर फक्त डिझेलला आणि एमएक्स-५ या मधल्या ट्रिमपासून वर. खालच्या ट्रिमना ते मिळतच नाही आणि नंतर बसवताही येत नाही, म्हणजे तिथे स्वस्त ट्रिमचा विचारच सोडून द्यायचा. उलट सगळ्यात वरच्या एएक्स-७ एलला १९ इंची चाकं आहेत, २५५/६० मापाची. टायरची भिंत १५३ मिलिमीटरची होते. एमएक्स-५ च्या २५५/६५ आर १८ ची १६६. भिंत जितकी उंच तितकी दगडाचा मार खाणारी रबराची उशी जाड, आणि हवा उतरवायला वाव जास्त. तिथे मी मधली ट्रिम घेईन आणि मोठ्या काचेच्या छतावर पाणी सोडेन.

टेस्ट ड्राइव्हला जाताना एक चादर बरोबर न्या. पुढच्या सीट जवळजवळ सपाट होतात. मागची सीट जोडून प्रत्यक्ष आडवे व्हा, सेल्समन हसला तरी चालेल. पावसात तंबू ठोकता आला नाही तर इथेच झोपायचं आहे. गाडी थांबवून लिव्हर फोर एलमध्ये (लो रेंजमध्ये) टाकून बघा, डॅशबोर्डवर दिवा लागतो का ते पाहा. पण कोरड्या डांबरावर फोर एच (फोर बाय फोरची नेहमीची रेंज) किंवा फोर एलमध्ये वळणं घेऊ नका. मधे डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) नाही, सगळा ताण गिअर आणि शाफ्टवर येतो.

आणि ताबा घेताना पाचही टायरच्या भिंतीवरचा चार आकड्यांचा शिक्का वाचा. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. यार्डात वर्षभर उन्हात उभी असलेली गाडी देत असतील तर दुसरी मागा किंवा टायर बदलून मागा, पण सही करायच्या आधी.